सातव्या प्रश्नाला नापास

इसाकभाऊ एकाच परीक्षेत सलग अकरा वर्षं नापास झाले, आणि त्यांना अकराही वेळा नापास करणारा मास्तर मीच.

परीक्षा शाळेची नव्हे, चर्चची. आमच्यात बाप्तिस्मा पाळण्यातच होतो. पण पुढे मोठेपणी ‘दृढीकरण’ व्हावं लागतं. त्यासाठी सहा महिने दर रविवारी दुपारी वर्ग, चाळीस प्रश्नांची प्रश्नोत्तरी तोंडपाठ, आणि शेवटी तोंडी परीक्षा. जो पास होईल त्याच्या डोक्यावर बिशपसाहेब येऊन हात ठेवणार आणि त्यानंतरच त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळणार. तोवर मागच्या बाकावर बसून इतरांना पुढे जाताना बघायचं. हा वर्ग साधारण चौदा-पंधरा वर्षांची मुलं करतात. इसाकभाऊंचं वय बहात्तर.

मुलांच्या बाकात गुडघे मावत नसत, म्हणून ते तिरके बसत. वहीला खाकी कव्हर, वर लाल-निळ्या किनारीचं लेबल. लेबलावर नाव होतं, आडनाव होतं, आणि ‘इयत्ता’ या शब्दापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘तीच’.

मी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. सिद्धतेतली एक पायरी गाळली की मी पूर्ण गुण कधी दिले नाहीत, आणि देवाच्या बाबतीत सवलत का द्यावी हे मला कळत नसे. शिवाय या वर्गाचा एक नियम मी स्वतः घातला होता. बाकीच्या एकोणचाळीस प्रश्नांत थोडं इकडचं तिकडं चालेल, पण सातवा प्रश्न चुकला की नापास. सातवा प्रश्न : येशू ख्रिस्त कोण आहे? उत्तर पुस्तकात अडीच ओळींचं आहे. त्यात देवपण आहे, मनुष्यपण आहे, तारण आहे, सगळं जागच्या जागी आहे. ही अडीच ओळींची वीट हलली की सगळी इमारत हलते, असं मी दरवर्षी मुलांना सांगत आलो.

इसाकभाऊ दरवर्षी या प्रश्नाला उभे राहायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि सांगायचे, “हंडा उचलून डोक्यावर देतो तो.”

मुलं खिदळायची. मी शून्य द्यायचो. इसाकभाऊ “बरं” म्हणून खाली बसायचे.

त्यांची बेकरी छावणीतली. बेकरी म्हणजे मालकीची नव्हे; मालक रहीमचाचा. इसाकभाऊ तिथे वयाच्या पंधराव्या वर्षी भट्टीवर लागले ते लागलेच. पाव, खारी, टोस्ट, आणि लग्नाच्या मोसमात खलियासोबत खायचे पिवळेधमक नान (खलिया म्हणजे मटणाचा रस्सा). सकाळी सायकलला पावाची पेटी बांधून ते क्रांती चौकापर्यंत फेरी मारत. आणि महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी, ते भट्टीजवळचा कोपरा धुऊन काढत, चपला बाहेर ठेवत आणि प्रभुभोजनाची बेखमीर, म्हणजे खमीर न घातलेली, भाकर स्वतःच्या हातांनी मळत. त्या अर्ध्या तासात रहीमचाचासुद्धा रेडिओ बंद करायचे.

म्हणजे बघा, सबंध मंडळी जी भाकर गुडघे टेकून घेते ती भाजणारा माणूस मागच्या बाकावर बसलेला. भाजणारा भाजल्यावर तुकडा चाखून बघतो, पण इसाकभाऊंनी त्या भाकरीचा चुराही कधी तोंडात टाकला नाही. चव मात्र त्यांना छळायची. दर महिन्याच्या त्या सोमवारी मी पाव घ्यायला गेलो की काउंटरवरून वाकून विचारायचे, “सर, कालची कशी झाली व्हती? मीठ?”

“इसाकभाऊ, ती काय चव घ्यायची वस्तू आहे?”

“तसं नाय. पण मीठ?”

जगाच्या पाठीवर इतकी चर्चेस असतील, पण प्रभुभोजनाच्या भाकरीतल्या मिठाची काळजी करणारा माणूस फक्त आमच्याकडे होता. मला तर ती भाकर कशी लागते हे सांगताच येत नसे. इतकी वर्षं खाऊन कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्यांचं पालुपद ठरलेलं होतं : “पुस्तकात आसंल, सर. मला भेटला तसा सांगतो.” एकदा मी दुसरा प्रश्न विचारला, देव कोठे आहे? पुस्तकाचं उत्तर एका शब्दाचं आहे, सर्वत्र. इसाकभाऊ म्हणाले, “सर्वत्र म्हणलं की माणूस शोधतच नाय, सर. मला क्रांती चौकाच्या सिग्नलला भेटला.”

झालं होतं असं की सिग्नल सुटला आणि यांच्या सायकलची चेन पडली. पेटीत दोनशे पाव, मागे बसचा भोंगा, पुढे रिक्षांची झुंबड. कुणीतरी माणूस रिक्षातून उतरला, खाली बसला, चेन चढवली, काळे हात आपल्याच पँटला पुसले आणि निघून गेला.

“तो मेकॅनिक असेल कुणीतरी,” मी म्हणालो.

“मी कुठं नाय म्हणलो? पयलं सुतारकाम करत व्हता, आता मेकॅनिक आसंल.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या थांबवल्या, पण त्या रात्री जेवताना बायकोला हा किस्सा सांगितला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. वर्गात मात्र मी हसलो नाही. मास्तरकीचा काही धर्म असतो.

त्यांची प्रार्थना हा तर स्वतंत्र प्रकार होता. आमच्याकडे घरोघरी प्रार्थना सभा असतात. तिथे आम्ही सगळे ‘हे सर्वसमर्थ, परमकृपाळू’पासून सुरू करून चांगली दहा-दहा मिनिटं देवाला त्याचीच माहिती देतो. इसाकभाऊ दोन वाक्यं बोलायचे आणि गप्प व्हायचे. “प्रभू, भट्टीची वीट निघालीय. गुडघा बी दुखतोय.” मग शांतता. एवढी शांतता की माणसं एकेक डोळा उघडून बघायला लागत. थोड्या वेळाने इसाकभाऊ मान हलवत, “बरं. आमेन.”

एकदा मात्र ते ‘बरं’ म्हणालेच नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि एकदम म्हणाले, “नाय. ते नाय जमायचं मला.” आणि आमेन न म्हणता डोळे उघडून पाणी प्यायला उठले. सभेत खळबळ. चर्चच्या पाळकसाहेबांनी चहा होताच मला बाजूला घेतलं आणि ‘त्यांना समजावा’ म्हणून माझ्यावर ढकललं. मी विचारलं तर इसाकभाऊ म्हणाले, “चाचाच्या थोरल्या पोराला माफ कर म्हणत व्हता. नव्या मशीनपायी चारचौघांत बोलला ना मला. मी म्हणलं नाय जमायचं.”

“मग?”

“मंग काय. त्यो काय ऐकतो का.”

चौथ्या दिवशी पाव घ्यायला गेलो तर इसाकभाऊ आणि तो थोरला एकाच बशीतून चहा पीत होते. मी काही विचारलं नाही. त्यांनीच बोटं दाखवली, “तीन दिस लागले.” मी चाळीस वर्षं क्षमेवर धडा घेतो आहे. माझ्या सख्ख्या भावाशी मी तेव्हा सहा वर्षं बोलत नव्हतो.

रहीमचाचांनाही या नापास प्रकरणाची लाज वाटायची. एकदा त्यांनी मला दुकानात बसवून, खारी पुढे करून रदबदली केली, “मास्टरसाब, इसाक को इस बार पास कर देव ना. मेरे कने पचपन साल से है. इत्ता अल्लावाला आदमी, और आप लोगां उसको फेल कर रें. पूरी छावणी में कैसा दिखता?”

मी म्हणालो, “चाचा, एक सवाल का जवाब गलत देते वो.”

चाचांनी खारीचा तुकडा चहात बुडवला. “तो सवाल बदल देव.”

मी ते हसण्यावारी नेलं.

या वर्षी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. उन्हाळ्यात इसाकभाऊ भट्टीसमोरच कोसळले. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी भट्टी बंद केली, सायकल बंद केली, आणि मुलाबाळांना बोलवून घ्या म्हणाले. मुलंबाळं नव्हती. बायको, कौसाबाई, बारा वर्षांपूर्वीच गेलेल्या. बिशपसाहेब वर्षातून एकदाच येतात, आणि पुढच्या वर्षी इसाकभाऊ असतील याची कुणालाच खात्री नव्हती. मी ठरवलं की काहीही करून या माणसाला पास करायचं. सातवा प्रश्न पुटपुटत विचारायचा, उत्तर आपणच अर्धं सांगायचं, आणि बरोबरची खूण करून मोकळं व्हायचं. भूमितीच्या मास्तराने कॉपीला मदत करायची वेळ आली होती. पण अकरा वर्षं त्यांना मागच्या बाकावरून वेदीकडे एकटक बघताना मी पाहिलं होतं.

प्रश्नोत्तरी पिशवीत घालून मी छावणीतल्या त्यांच्या घरी गेलो. एक खोली, पुढे ओटा. इसाकभाऊ खाटेवर बसले होते. कोपऱ्यात चुंबळीवर तांब्याचा मोठा हंडा, चिंचेने घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला. आमच्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हा प्रश्न प्रश्नोत्तरीतल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा अवघड आहे, तेव्हा भरलेल्या हंड्याचं मला काही नवल वाटलं नाही.

“परीक्षा घ्यायला आलोय,” मी म्हणालो.

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं, शब्दन् शब्द पुस्तकातला. दुसरा. ‘सर्वत्र’. क्रांती चौकाचा उल्लेख नाही. तिसरा, चौथा, पाचवा. मी पान उलटेपर्यंत ते पुढच्या उत्तराला हात घालत. ‘ळ’ आणि ‘ण’ जागच्या जागी. मी गांगरलो. एवढं पाठ होतं, तर अकरा वर्षं या माणसाने काय चालवलं होतं? मी मुद्दाम सातवा ओलांडून आठवर गेलो आणि थेट चाळीसपर्यंत पोचलो. एकही चूक नाही. मग मागे आलो.

“येशू ख्रिस्त कोण आहे?”

“हंडा उचलून डोक्यावर देतो तो.”

खरं सांगतो, माझा संताप झाला. मी पुस्तक मिटलं. “इसाकभाऊ, चेष्टेला काही सीमा असते. तुम्हाला उत्तर येतं. मी तुमच्यासाठी इथवर आलो.”

“येतं की,” ते म्हणाले, आणि अडीच ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. “हे पुस्तकातलं. खोटं हाय आसं मी कधीच म्हणलो नाय. पण सर, ते हंड्याचं उत्तर माझं नाय. कौसाचं हाय. तिनं दिलं व्हतं तुमच्याच वर्गात. आमी दोघं जोडीनं आलो व्हतो बगा, लगीन झाल्याच्या दुसऱ्या सालाला. तुमचं पयलंच वरीस व्हतं मास्तरकीचं.”

मला काहीही आठवेना.

“ती सोयगावाकडची. माझ्याशी लगीन लागलं तवा चर्चमधी आली. लिवणंवाचणं नाय. तुमी विचारलं, येशू ख्रिस्त कोण हाय, तर तिनं जे ठावं व्हतं ते सांगितलं. पोरं हसली. तुमी बी हसला जरा. मंग म्हणला, बाई, या पाणवठ्यावरच्या गप्पा नाहीत, खाली बसा.” त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. “रागानं नाय सांगत, सर. तुमी ल्हान व्हता तवा.”

मी विचारलं, “त्यांनी तसं का सांगितलं?”

इसाकभाऊंनी कोपऱ्याकडे बोट केलं. “त्यो हंडा उचला बरं. डोक्यावर घ्या.”

मी उठलो. अडुसष्टाव्या वर्षी पुरुषाला आपण काय काय करू शकतो याबद्दल फार गैरसमज असतात. हंडा कमरेपर्यंत आला. तिथून छातीपर्यंत आणताना अर्धं पाणी माझ्या शर्टावर. डोक्यापर्यंत तर तो पोचेचना. इसाकभाऊ मदतीला उठायला लागले तसा मी घाईने हंडा खाली ठेवला आणि उभाच राहिलो, चष्म्यावरून पाणी ओघळत.

“एकट्याला नाय चढत,” ते म्हणाले. “दुसरा हात लागतो. त्या वक्ताला नळावर आमच्या कौसाला कुणी हात लावत नव्हतं. जात बी, अन वर चर्चमधी जाती म्हणून बी. सगळ्या बाया एकमेकींना हंडा देयाच्या अन निघून जायाच्या. ही भरलेला हंडा घिऊन उभी. कुणी नवीन बाई येती का बघत. कंदी कंदी तासभर. एक दिस लई उभी राह्यली, अन म्हणली, येशू, तू तरी ये. अन चढला की हंडा. हलका, आपसूक. मागनं कुणीतरी हात दिल्यावाणी.”

“कोण होतं?”

“तेच मी इचारलं. तर म्हणली, मी मागं वळले नाय. वळले आसते तर त्यो गेला आसता.” इसाकभाऊ हसले. “मंग लागंल तवा यायचा. रोज नाय. पण लागंल तवा.”

मी ओल्या शर्टाने खाटेच्या कडेला बसलो.

“तुम्ही त्या वर्षी पास झाला होतात?”

“व्हय. पण बिशपच्या दिवशी आलो नाय. पंगतीला जोडीनं गेलं अन बायकोला दारातच थांबा म्हणले, तर नवरा आत जेवाया बसंल का? ती मागच्या बाकावर बसायची, मी बी तिच्याजवळ. तिला लई वाटायचं, सर, पुढं जावं. भाकर मळताना मला इचारायची, कशी लागत आसंल? मी म्हणायचो, मला काय ठावं. दोघं बी उपाशीच की.”

“आणि त्या गेल्यावर? वर्गाला का येत राहिलात?”

त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं, परत लावलं. “म्हणलं, एखाद्या वर्षी तरी तुमी तिचं उत्तर बरोबर म्हणचाल.”

अकरा वर्षं. अकरा शून्यं मी दिली, ती या माणसाला नव्हतीच.

घरी न जाता मी चर्चमध्ये गेलो आणि मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. जुन्या वह्यांच्या चळतीत तळाशी माझ्या पहिल्या वर्षाची वही सापडली. माझंच अक्षर, तेव्हा फार सुंदर होतं. ‘कौसाबाई इसाक. प्रश्न ७ : चूक. पुढील वर्षी पाहू.’ लाल शाई. खाली ठसठशीत सही. पुढच्या वर्षीच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं आणि मी ते शोधलंही नव्हतं. मी रडलो. इतक्या उशिरा रडण्याला काही किंमत नसते हे मला माहीत आहे.

पुस्तकातलं उत्तर चूक नाही, हे मी आजही म्हणेन. ते मी यापुढेही शिकवीन. पण ज्या बाईला तो भेटला होता तिला मी त्याची व्याख्या येत नाही म्हणून खाली बसवलं, आणि ती बसली ती मरेपर्यंत. लाल शाईतलं ‘चूक’ मी खोडलं. समोर ‘बरोबर’ लिहिलं, आणि नव्या वहीत इसाकभाऊंच्या सातव्या प्रश्नासमोरही तेच. मग दोन्ही वह्या घेऊन परत छावणीत गेलो आणि दोन्ही पानं त्यांना दाखवली. त्यांनी तिच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरं.”

बिशपसाहेब आले. आठ मुलं आणि इसाकभाऊ, असे नऊ जण ओळीने उभे राहिले. आदल्या दुपारी डॉक्टरांना न सांगता ते बेकरीत जाऊन भाकर करून आले होते. भट्टीजवळ रहीमचाचा स्वतः उभे होते, यांना उष्णता लागू नये म्हणून पुठ्ठ्याने वारा घालत. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा इसाकभाऊंनी डोळे मिटले नाहीत. बाकीच्या आठांनी मिटले होते.

मग प्रभुभोजन. बाकांवरून माणसांना वेदीच्या कठड्याकडे सोडण्याचं काम माझं. इसाकभाऊ हळूहळू आले, कठड्याला धरून गुडघे टेकले आणि जरा उजवीकडे सरकले. त्यांच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तिकडे निघाले. मी हात आडवा केला.

“जागा आहे की,” ते कुजबुजले.

“थांबा थोडं,” मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी इसाकभाऊंच्या ओंजळीत तुकडा ठेवला. त्यांनी तो लगेच खाल्ला नाही. आधी नीट बघितला, भाजणाऱ्याच्या नजरेने, खालून वरून. मग तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. मी अगदी मागेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली आणि हळूच म्हणाले, “मीठ कमी पडलं गं.”

भट्टी बंद असली तरी पीठ अजून इसाकभाऊच मळतात, आणि पुढच्या महिन्यापासून ती भाकर थोडी खारट लागते. मंडळीत कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही. मला मात्र आता दर वेळी चव कळते, आणि सोमवारी मी पाव घेऊन तसाच इसाकभाऊंच्या घरी जातो आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगतो.